भाचीच्या हायस्कुलाची तीन कोटेशनं

तुलना हा माझा धंदा होता. सोलापुरातल्या एका कापडगिरणीच्या खरेदी खात्यात मी कारकून होतो. गिरणीला सुतळीचा गुंडा हवा असो की बॉयलरची झडप, नियम एकच. तीन कोटेशनं मागवायची, त्यांचा तौलनिक तक्ता करायचा आणि तो साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. तक्ता मी करत असे, साहेब फक्त सही करत. गिरणी खरं म्हणजे कोण चालवतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. साहेबांच्या मनात असलीच तर त्यांनी ती मला कधी बोलून दाखवली नाही.

त्यामुळे चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण नागम्मा अक्का डोळे पुसत घरी आली, तेव्हा ती योग्य माणसाकडे आली होती. अक्काचं सासर मोहोळ तालुक्यात, हिंगणमळ्याला. तिथली शाळा सातवीपर्यंत. तिची महादेवी सातवीत पहिली आली होती आणि अक्काचे यजमान, म्हणजे आमचे मलकप्पा दाजी, म्हणत होते की आता बास. दाजी माणूस वाईट नाही, पण त्यांचं डोकं सरळ रेषेत चालतं आणि मध्ये कोणी आलं तर ते थांबत नाही. अक्का माझ्यापुढे बसून म्हणाली, "तम्मा, तूच काहीतरी कर, तुझं ते ऐकतात." मी लहान असल्यापासून ती मला तम्माच म्हणते, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. घरात दोन मुलं असलेल्या माणसाला कोणी तम्मा म्हणू नये असं माझं मत आहे, पण रडणाऱ्या बहिणीपुढे ते मांडता येत नाही.

मी तिच्याबरोबर हिंगणमळ्याला गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पावणं, तुमी म्हनताय तर बघा येकादं हायस्कूल. शाळा भरायच्या आत ठरलं तर ठरलं. न्हाईतर पोरगी घरी बसंल, दोन वर्सांनी उजवून टाकू." आणि थोडं थांबून, "पन हायस्कूल चांगलं पायजे."

चांगलं हा शब्द ऐकला आणि मी सावरून बसलो. चांगलं म्हणजे कशापेक्षा चांगलं? प्रश्न तुलनेचा झाला, म्हणजे माझ्या टेबलावर आला. मी जाहीर केलं की मोहोळ तालुक्यातल्या तीन हायस्कुलांची मी स्वतः पाहणी करीन आणि शाळा उघडायच्या आदल्या रविवारी दाजींनी महादेवीला घेऊन सोलापूरला यावं, तेव्हा निकाल सांगितला जाईल. महादेवी दाराआड उभी होती. तेरा वर्षांची पोर, परकर-पोलक्यातली. तिनं हळूच विचारलं, हायस्कुलात बीजगणित पहिल्या दिवसापासूनच असतं का. मी म्हणालो, ते तक्त्यात येईल.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आम्ही तेव्हा सात रस्त्याजवळ राहत होतो आणि तिथे सातही रस्त्यांनी सल्ला येत असे. शेजारच्या चनबसप्पांचं नवी पेठेत कापडाचं दुकान. ते म्हणाले, शाळा बघू नका, हेडमास्तर बघू नका, गावातलं कापडदुकान बघा. ज्या गावात गणवेशाचं कापड खपतं त्याच गावात शाळा चालते. समोरच्या माडीवर नरसय्या राहत, त्यांचे घरात चार माग. ते म्हणाले, पत्रे बघा. जूनच्या आधी पत्र्याला भोकं दिसतात, जूननंतर वर्गात मुलंच दिसत नाहीत. मी दोघांचंही ऐकून घेतलं. ज्ञान कुठूनही येऊ शकतं, आणि न ऐकता ही मंडळी उठत नाहीत.

खरा उपयोगी सल्ला आमच्या घरातून आला. सौभाग्यवती म्हणाल्या, "मास्तर लग्नाचे आहेत का ते आधी विचारा. बिनलग्नाचा मास्तर खेड्यात टिकत नाही. लग्न झालं की बायको त्याला शहरात ओढते." हे त्या अनुभवानं बोलत होत्या, कारण मला त्यांनीच ओढलं होतं. मी तक्त्यात एक रकाना वाढवला.

माझी धाकटी बहीण नीलांबिका आमच्याकडेच असे. बी.ए., बी.एड. झालेली, रोज पेपरातल्या शिक्षक पाहिजेत या जाहिराती वाचणारी आणि शहरातल्या शाळांत मुलाखती देऊन येणारी. मुलाखत चांगली होई आणि जागा दुसऱ्याच कोणाला मिळे. तिनं विचारलं, "अण्णा, मी येऊ का बरोबर? शाळा बघायचीय तर." मी तिला समजावलं की खरेदीच्या दौऱ्यावर घरच्या माणसांना न्यायची पद्धत नाही, निर्णयावर परिणाम होतो. ती काही बोलली नाही. नीला बोलली नाही की आमच्या घरात सगळ्यांना काम आठवतं, तसं मलाही आठवलं.

दौऱ्याआधी निकालाचे आकडे मिळवावेत म्हणून मी संबंधित कचेरीत गेलो. कुठली कचेरी ते सांगत नाही, तिथे अजून माणसं बसतात. पहिल्या खिडकीनं सांगितलं की शाळावार निकाल फक्त शाळेलाच मिळतो. मी म्हणालो, शाळेकडूनच घेतो. दुसरी खिडकी म्हणाली, सुटीत शाळा बंद असते, तेव्हा अर्ज शाळा उघडल्यावर करा. मी म्हणालो, शाळा उघडायच्या आत शाळा ठरवायची आहे. तिसऱ्या खिडकीनं चहा घेतला आणि सांगितलं की तसंही यंदा आकृतिबंध बदलतोय, अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची येणार, त्यामुळे जुन्या आकड्यांना अर्थ नाही आणि नवे अजून झालेले नाहीत. एक कारकून म्हणून मला त्या उत्तराचं कौतुक वाटलं. असं सगळ्या बाजूंनी बंद उत्तर मलाही क्वचितच सुचलं असतं. निकालाचा रकाना मी कोरा ठेवला.

जूनच्या सुरुवातीला रजा टाकून, लोकरी कोट, काळी टोपी आणि छत्री अशा तयारीनं मी मोहोळला उतरलो आणि तिथून बोरसांगवीची एस.टी. धरली. कोट मुद्दाम घातला होता. माल बघायला आलेला माणूस माल बघायला आल्यासारखा दिसला पाहिजे.

बोरसांगवीच्या स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, कुठलं पावणं? मी म्हणालो, सोलापूरचा, शाळा बघायला आलोय. त्यानं माझा कोट पाहिला, टोपी पाहिली, खांद्यावरच्या पंच्यानं बाकडं स्वतः पुसलं आणि म्हणाला, "शाळा व्हय? बघा की. बघायलाच पायजे." मग तो गल्ला उघडा टाकून शाळेकडे पळत गेला. शिक्षणाबद्दल खेड्यात इतकी आस्था असेल अशी माझी कल्पना नव्हती.

शाळेत हेडमास्तर टोपी घालून तयार होते. समोर चहा आला, चिवडा आला, शेंगांचे लाडू आले. मी कामालाच हात घातला. गणित-विज्ञानाला कोण? नागप्पा मास्तर, बी.एस्सी., बी.एड. नोकरी कायम? कायम. लग्न? हेडमास्तर मंद हसले आणि म्हणाले, अजून नाही, तुमच्यासारखी माणसं येतायत आता. मी विचारलं, टिकतील का? ते म्हणाले, रोज जोर काढतात. पाण्याची सोय? विहीर बारमाही, यंदाच इंजिन बसवलं. राहण्याची सोय? पाच खणांचं घर, वर माडी, स्वयंपाकघर वेगळं. वसतिगृहाला वेगळं स्वयंपाकघर ही गोष्ट शहरातही मिळत नाही, मी पूर्ण गुण दिले. शिस्तीचं विचारलं तर हेडमास्तर म्हणाले, सुपारीचं खांड तोंडात घालत नाही. अख्खी शाळा सुपारी खात नाही हे ऐकून मला गहिवरून आलं.

मग त्यांनी माझी चौकशी केली. घरी कोण कोण? मी सांगितलं, पत्नी, दोन मुलं आणि धाकटी बहीण, बी.ए., बी.एड. हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकले. बहिणीचा विषय निघाला की मी थोडा जास्त बोलतो हे खरं. तिच्या हातची कडक भाकरी, तिचं अक्षर, तिचा आवाज, सगळं सांगितलं. निघताना रीत म्हणून म्हणालो, सोलापूरला आलात तर घरी या. ते म्हणाले, कधी यावं? मी म्हणालो, रविवारी घरीच असतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

इथे वाचकांना आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. मुलीसाठी स्थळ बघायला निघालेला माणूस आमच्याकडे कधीही तसं सांगत नाही. तो बैल बघायला आलेला असतो, ज्वारीचा भाव विचारायला आलेला असतो, नाहीतर सहज इकडून चाललेला असतो. नकार द्यावा लागला तर कोणाचाच अपमान होऊ नये म्हणून ही सोय. माझे सासरे आमच्या घरी गाय बघायला आले होते. आमच्याकडे गाय नव्हती, तरी ते दुपारभर बसले आणि मला पसंत करून गेले. म्हणजे लगीनसराई सरत आलेली असताना, कोट घातलेला शहरी माणूस गावात उतरून मास्तरचं वय, पगार, व्यसन आणि लग्न विचारतो, आणि वर शपथेवर सांगतो की मी फक्त शाळा बघायला आलोय, त्याचा अर्थ तालुक्यात फक्त एका माणसाला कळला नव्हता. त्या माणसाच्या डोक्यात तक्ता होता, एवढंच मी त्याच्या बाजूनं म्हणेन.

दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.चा ड्रायव्हर आदल्या दिवशीचाच होता, रसूलभाई. त्यानं गाडी चालवता चालवता मान वळवून विचारलं, "साब, बोरसांगवीका पसंद आया क्या?" मी म्हणालो, चांगलं आहे, पण तीन बघितल्याशिवाय मी ठरवत नाही. तो म्हणाला, "सही बात है, जिंदगीका सवाल है." एका ड्रायव्हरला शिक्षणाचं महत्त्व इतकं कळावं याचं मला पुन्हा नवल वाटलं.

तांबडेमाळला मी पोचायच्या आधी माझी कीर्ती पोचली होती. स्टँडवर हेडमास्तर, सरपंच आणि बरीच मंडळी. तिथले मास्तर मल्लिनाथ. घडीचा शर्ट, केसांना तेल, घाबरलेला चेहरा. आता पद्धत बसली होती, म्हणून मी पाहणी अधिक कडक केली. मास्तरांना फळ्यावर लिहायला लावलं, अक्षर पाहिलं. शेवटच्या बाकावर बसून आवाज पोचतो का तपासलं. चक्रवाढ व्याजाचं उदाहरण सोडवून घेतलं. मास्तर घाम पुसत होते आणि खिडकीत जमलेले बाप्ये एकमेकांना म्हणत होते की सोलापूरचे पावणे लई कडक, अशी परीक्षा तर आमच्या पोरींचीबी कोणी घेतली नव्हती. एका म्हातारबांनी, आम्हा लिंगायतांत विचारतात तसा, माझा मठ कुठला ते विचारलं, दुसऱ्यांनी बहीण उंचीला कशी ते विचारलं. खेड्यात माणसं मोकळेपणानं काहीही विचारतात, मीही मोकळेपणानं सांगितलं. आणि निघताना, रविवारी घरीच असतो.

तिसरं कोटेशन चिंचगव्हाणचं. तिथल्या संस्थेचे अध्यक्ष रावजी, चांगले पन्नाशीचे शेतकरी, मळ्यातून तसेच चिखलाच्या पायांनी आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आमच्याकडंबी तुमच्यातला येक मास्तर हाय की. इरण्णा. लई गुनी." मला वाटलं, इरण्णा पूर्वी कारकून असावा.

शाळा पाहून माझी निराशा झाली. पत्रे नरसय्यांना दाखवावेत असे. विहीर आटलेली. वसतिगृह नाही. इंग्रजीचे मास्तर गेल्या वर्षी सोडून गेले, तेव्हापासून जागा रिकामी. इरण्णा मास्तर गणित, विज्ञान, इंग्रजी आणि चित्रकला शिकवत आणि मधल्या सुटीत घंटाही तेच देत. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा तरुण. मी पाण्याचं विचारलं तर म्हणाला, "साहेब, मार्चनंतर मुलं घरून तांब्या आणतात." पावसाचं विचारलं तर म्हणाला, "पाऊस आला की दोन वर्ग एका खोलीत घेतो." रावजी त्याचा शर्ट मागून ओढत होते. शेवटी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला बोलाय येत न्हाई बगा, मन साफ हाय." मी म्हणालो, मनाचा रकाना नाही. तरीपण रीत म्हणून रविवारचं सांगितलं.

तक्ता सुंदर झाला. बोरसांगवी पहिलं, तांबडेमाळ दुसरं, चिंचगव्हाण एवढं खाली की कागदाला तुकडा जोडावा लागला. लाल शाईनं रेघा ओढल्या. रविवारी सकाळी दाजी, अक्का आणि महादेवी आले. दाजींना मी खुर्चीवर बसवलं आणि कागद उलगडणार तोच दारात रिक्षा थांबली. त्यातून बोरसांगवीचे हेडमास्तर, नागप्पा मास्तर, त्यांचे काका आणि नारळांची पिशवी उतरली.

मी क्षणभर गोंधळलो, मग मला उमगलं. टेंडर उघडायच्या दिवशी व्यापारी असेच येतात, शेवटची घासाघीस करायला. म्हणजे शाळा महादेवीसाठी चढाओढ करत होत्या. मी त्यांना आदरानं बसवलं. तेवढ्यात टांगा आला, त्यातून तांबडेमाळ उतरलं. मग चालत चिंचगव्हाण आलं, रावजी, इरण्णा मास्तर आणि त्याची आई काशम्मा. तिन्ही पार्ट्या एकाच सतरंजीवर बसल्या आणि एकमेकांकडे अशा बघू लागल्या की सौभाग्यवतींनी घाईघाईनं सगळ्यांच्या हातात सुशीलाच्या बशा दिल्या. चुरमुऱ्याची सुशीला खाताना माणसाला भांडता येत नाही. चनबसप्पा आणि नरसय्या अर्थातच दारात उभे राहून सल्ला द्यायला तयार होते.

तांबडेमाळचे सरपंच म्हणाले, आम्हाला वाटलं होतं फक्त आम्हालाच बोलावलंय. मी म्हणालो, आमच्याकडे तीन बघितल्याशिवाय ठरवत नाहीत. नागप्पा मास्तरांच्या काकांनी बशी खाली ठेवली. वातावरण तंग झालं. तेव्हा काशम्मांनी, वयानं सगळ्यांत मोठ्या म्हणून, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. आलोय तर मुलीला बोलवा, बघू द्या येकदा."

मला हे अगदी रास्त वाटलं. शाळांनी विद्यार्थिनीला बघायला हवंच. मी हाक मारली, "महादेवी, ये बाहेर."

महादेवी आली. एका हातात सातवीचं गणिताचं पुस्तक, बोट अजून पानात. ती सगळ्यांना नमस्कार करून उभी राहिली. नागप्पा मास्तर तांबडेलाल झाले, मल्लिनाथ मास्तर जमिनीकडे बघू लागले, इरण्णा मास्तर सरळ उठून दारापर्यंत गेला. काशम्मांनी महादेवीला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला कोटाखाली घाम फुटला.

"ही? हे तर लेकरू हाय. ह्या लेकराचं लगीन करायला निघालाव तुमी? कोट घालून? आरं, हिला शाळेत घाला की."

"तेच तर करतोय," मी म्हणालो. "शाळाच बघत हिंडतोय."

मग जे बोलणं झालं त्याचा तपशील देण्याची मला इच्छा नाही. सगळे एकदम बोलत होते आणि सगळ्यांचा विषय मी होतो. नारळांची पिशवी एकदा उचलली गेली, एकदा ठेवली गेली. बोरसांगवीच्या हेडमास्तरांनी कबूल केलं की विहीर, इंजिन आणि पाच खणांचं घर नागप्पा मास्तरांचं होतं. शाळेत वसतिगृह नाही. सुपारी न खाणारेही फक्त मास्तरच. माझे पूर्ण गुण एकामागून एक गळून पडले. इतका व्यवस्थित केलेला तक्ता चार माणसांच्या हातून फिरून परत आला तेव्हा त्यावर सुशीलाचं तेल लागलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते तेलाचं नव्हतं.

काशम्मा पुन्हा म्हणाल्या, अजून दुधाचे दात असतील पोरीला, कोण बाप असलं करंल. त्यांना माहीत नव्हतं की बाप समोर खुर्चीवर बसलाय आणि दोन वर्षांनी उजवून टाकू असं म्हणून चुकलाय. अक्काला माहीत होतं. तिनं दाजींकडे पाहिलं. दाजींनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

आतून नीला चहा घेऊन आली. तिला बघायला आलेले तिघंही जण तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनं सगळ्यांना चहा दिला, ट्रे खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "तुमच्या शाळेत आठवीत मुली किती असतात? आणि त्यातल्या शेवटच्या वर्गापर्यंत किती पोचतात?"

हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. बोरसांगवीचे हेडमास्तर म्हणाले, मुलींना पूर्ण मोकळीक आहे. तांबडेमाळचे म्हणाले, मुलींसाठी वेगळा बाक आहे. नीलानं इरण्णाकडे पाहिलं. तो दारातूनच म्हणाला, "आठवीला दहा-बारा येतात. पुढं एकेक कमी होते. शेवटच्या वर्गात आजवर एकही पोचली नाही. वयात आल्या की घरचे काढतात. शाळेत बाई नाही, त्यांनी कुणाला काही सांगायचं तर कुणाला सांगायचं. वर्षभर जाहिरात देतोय. खेड्यात यायला कुणी तयार होत नाही."

"इंग्रजीची जागा अजून रिकामीच आहे ना?" नीलानं विचारलं.

रावजी म्हणाले, "व्हय की."

"मी येते. लग्नाचं काही बोलायचं नाही, नोकरीचं बोलायचं. महादेवी माझ्याजवळ राहील. पत्रे आधी बसवा."

मी तोंड उघडलं. धाकट्या बहिणीनं माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर, माझ्या तक्त्यातली सगळ्यांत खालची शाळा मला न विचारता निवडली होती. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं आणि चहा प्यायलो. खरं सांगायचं तर मला तिचा इतका अभिमान वाटला की चहात साखर नव्हती हे मला नंतर कळलं.

दाजींनी पटका डोक्यावर ठेवला. रावजींना म्हणाले, "पत्रे बसवायला मी येतो. गडी घेऊन येतो." मग महादेवीला म्हणाले, "जा आत्याबरोबर." नीला तिची आत्या नव्हे, मावशी. दाजींना त्या दिवशी नातं आठवलं नाही आणि कोणीच त्यांची चूक काढली नाही.

सगळे पाहुणे एकाच वेळी निघाले. काशम्मांनी महादेवीच्या परकराच्या ओच्यात एक नारळ घातला. नागप्पा आणि मल्लिनाथ मास्तरांची लग्नं पुढल्या लगीनसराईत झाली, दोन्हीकडे मला आग्रहाचं बोलावणं होतं आणि दोन्हीकडे मी कोट न घालता गेलो. इरण्णा मास्तरांचं काय झालं ते मला विचारू नका. विचारायचं तर नीलाला विचारा, माझी छाती नाही.

शाळा उघडायच्या दिवशी मी दोघींना सोडायला स्टँडवर गेलो. नीलाची एक ट्रंक, महादेवीचं एक बोचकं, डब्यात भाकरी आणि शेंगांची चटणी. गाडीला गर्दी होती. मी खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरल्या, हेही एक कौशल्य आहे. महादेवी खिडकीशी बसली. गाडी सुरू झाल्यावर तिनं गजांना धरून तोंड बाहेर काढलं आणि विचारलं, "मामा, मला मधनंच काढून न्हाई ना नेणार?"

माझ्याकडे कसलाच आकडा नव्हता. दाजींचा भरवसा काय, पावसाचा काय, पत्र्यांचा काय, मला काहीच ठाऊक नव्हतं. शेवटच्या वर्गात आजवर एकही पोचली नाही, हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी गाडीबरोबर चालायला लागलो, मग धावायला लागलो आणि मोठ्यानं म्हणालो, "नाही काढणार. मी सांगतो." स्टँडवरची चार माणसं वळून बघू लागली. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण ती मान हलवून खिडकीतून आत गेली होती आणि तिनं पुस्तक उघडलं होतं.